रोजचे सोळा रुपये

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असणाऱ्या एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ३,५०० रुपये धरलेले असतात. उच्च प्राथमिक शाळा वर्षातून निदान २२० दिवस भरली पाहिजे असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. भागाकार केला तर दिवसाला जेमतेम सोळा रुपये येतात. मुलाचा प्रवास भत्ता यातूनच, त्याला शाळेत आणणाऱ्या माणसाचा मदतनीस भत्ता यातूनच, ब्रेल किंवा मोठ्या टाइपातली पुस्तके यातूनच, साधनांचा आणि थेरपीचा वाटाही यातूनच. विशेष शिक्षकाचा पगार मात्र यात धरलेला नाही, तो वेगळा. आणि मुलगी असेल तर महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिने भत्ता मिळतो, हेही सांगितले पाहिजे. सर्व शिक्षा अभियानात हा आकडा आधी १,२०० होता, मग ३,००० झाला, समग्र शिक्षा आल्यावर ३,५०० झाला. म्हणजे आकडा हलतच नाही असे नाही. नुसत्या अपुऱ्या रकमेचा प्रश्न असता तर अधूनमधून मोर्चे काढून तो मार्गी लागला असता. पेच वेगळाच आहे. रक्कम डोई मोजून ठरते आणि गरजा काही डोई सारख्या नसतात. एका मुलाला चष्मा आणि पुढचा बाक मिळाला की भागते. दुसऱ्याला दिवसातून तीनदा शौचालयात नेणारे, डबा भरवणारे आणि घंटा झाली की कान झाकून कोपऱ्यात बसल्यावर पुन्हा वर्गात आणणारे माणूस लागते. जिल्ह्याच्या आराखड्यात थोडे इकडचे तिकडे करता येते, पण एकूण बेरीज याच दराने होते. त्या दुसऱ्या मुलाच्या वाट्याला जे कमी पडते ते कुठून तरी भरून निघतेच, आणि बहुतेक वेळा ते त्याच्या आईच्या पगारातून किंवा तिने सोडलेल्या नोकरीतून भरून निघते.

कायद्याच्या भाषेत पाहिले तर आपल्याकडे कशाचीच उणीव नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. त्याचे कलम ३१ सांगते की ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नाही अशा ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिने दिव्यांग मुले वंचित घटकात आली आणि तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही मिळाला. सगळे ठीक वाटते. मग २०१६ च्या कायद्याचे कलम १६ वाचावे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळांनी समावेशित शिक्षण द्यावे यासाठी सरकार आणि स्थानिक संस्था काय करतील? ‘प्रयत्न’ करतील. मुलाच्या बाजूला ‘हक्क’ आणि सरकारच्या बाजूला ‘प्रयत्न’, अशी ही वाटणी आहे. वकील सांगतील की पुढच्या ओळींतली कर्तव्ये बंधनकारक आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण अंदाजपत्रक वकील तयार करत नाहीत. जिथे रक्कम लिहिलेली नसते तिथे वित्त विभाग ‘उपलब्ध निधीच्या मर्यादेत’ हे शब्द स्वतःच घालतो.

असे का झाले याचे उत्तर थोडेफार इतिहासात आहे. आपल्याकडची विशेष शिक्षणाची घडी सरकारने घातलेली नाही. ती मिशनऱ्यांनी, दानशूरांनी आणि मुख्यतः पालकांनी घातली. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ ची, अंधांसाठीची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. बौद्धिक अक्षम मुलांसाठीची जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली ती एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी काढली म्हणून. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, तीही मुलीसाठीच. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढले, त्यामागेही घरचेच मूल होते. केंद्र सरकारची एकात्म शिक्षणाची पहिली योजना १९७४ ची आहे. तोवर पालकांनी शाळा काढायच्या, वर्गणी गोळा करायची, आणि संस्था नावारूपाला आली की सरकारने अनुदान द्यायचे, अशी रीत पडून गेली होती. या माणसांचे ऋण मोठे आहे. पण या रीतीने एक समजही रुजवला: ही जबाबदारी मुळात घरची, सरकार देते ती मदत. मराठी घरात मूल चालायला किंवा बोलायला लागले नाही तर पहिला प्रश्न अजूनही ‘कुणी चांगला डॉक्टर आहे का?’ असा असतो. ‘आपल्या शाळेला यासाठी काय मिळते?’ हे कुणाला सुचतच नाही.

आता हा पैसा ज्या वाटेने जातो ती वाट जवळून पाहू. तिचे दार प्रमाणपत्र. तालुक्याच्या गावापासून पंधरा किलोमीटरवरचे एक मूल समजा. दुसरीत आहे, अक्षरे उलटी काढते, फळ्यावरचे वहीत उतरवताना ओळ सुटते. शिक्षिकेला शंका आली तरी अध्ययन अक्षमतेची चाळणी केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी व्हायची. म्हणजे मूल ज्या दोन वर्षांत वाचायला शिकते, किंवा वाचनाला कायमचे भिते, ती दोन वर्षे त्याच्या नावावर कुठलीच नोंद नाही. पुढे ऑनलाइन अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी रांग, बुद्ध्यांक मोजणारा मानसतज्ज्ञ त्या दिवशी असला तर ठीक, नाहीतर पुढची तारीख. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. शेवटी टक्के ठरतात. ४० किंवा त्याहून जास्त असतील तर तो ‘लाभार्थी’, ३५ असेल तर कलम ३१ त्याचे नाही. शाळेत मात्र ४० टक्क्यांच्या आणि ३५ टक्क्यांच्या मुलाची अडचण एकाच बाकावर बसते. महाराष्ट्राने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेतल्या सवलती १९९६ मध्येच दिल्या आणि याबाबतीत राज्य देशात पुढे होते, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. पण सवलत आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक द्यायला सरकारला फारसा खर्च येत नाही. दुसरीत रोज अर्धा तास वेगळ्या पद्धतीने वाचन शिकवायला माणूस लागतो, आणि माणसाला पगार लागतो.

या माणसाचे, म्हणजे विशेष शिक्षकाचे, गणित राज्यात बरीच वर्षे कंत्राटावर चालले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे जाहीर करून ती नियमित भरायला पुन्हा बजावले. दरम्यान २०२४ मध्ये महाराष्ट्राने केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकपदांना मान्यता दिली आणि कंत्राटी असलेल्या सुमारे तीन हजार शिक्षकांना त्यांवर सामावून घ्यायचे ठरवले. हा निर्णय चांगला आहे, आणि तो चांगला आहे हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे, कारण वर्षानुवर्षे दर सहा-अकरा महिन्यांनी नवा आदेश मिळण्याची वाट पाहणाऱ्या माणसाकडून मुलाचा तीन वर्षांचा आराखडा कसा मागायचा? पण केंद्र म्हणजे एक शाळा नव्हे. एका केंद्राखाली पंधरा शाळा धरल्या आणि शिक्षक रोज एका शाळेत गेला, एकही दिवस बैठक, माहिती भरणे, शिबिर किंवा निवडणुकीचे काम लागले नाही, तरी एका शाळेच्या वाट्याला २२० पैकी १४-१५ दिवस येतात. बोलायला शिकणाऱ्या मुलाला पंधरा दिवसांनी एकदा भेटणारा शिक्षक हा शिक्षक राहत नाही, तो पाहुणा होतो. त्याने सांगितलेला सराव उरलेल्या दिवसांत करून घेणार कोण? वर्गशिक्षिका. तिच्या वर्गात तीस-पस्तीस मुले, अनेकदा दोन इयत्ता एकत्र, आणि डीएडला ‘विशेष गरजा’ या विषयाचा तिने वाचलेला एक छोटासा भाग.

शहरात या रिकाम्या जागेत ‘शॅडो टीचर’ आली. शब्द इंग्रजी, सोय पूर्ण देशी. शाळा प्रवेश नाकारत नाही, नाकारणे बेकायदा आहे हे तिला ठाऊक असते. ती इतकेच म्हणते की मुलाबरोबर कुणीतरी बसले पाहिजे, आणि ते कुणीतरी तुम्ही आणा. त्या बाईंचा महिन्याचा पगार, शिवाय शाळेची फी, शिवाय शाळा सुटल्यावर स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी. शहरात थेरपीच्या पाऊण तासाला पाचशे-सातशे रुपये सहज जातात. समग्र शिक्षेचे वर्षाचे ३,५०० रुपये म्हणजे अशा पाच-सात बैठका. ज्यांना परवडते ते देतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरची आजी किंवा आई वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहते. ज्यांना परवडते त्या घरांपर्यंत सरकारी मदत वेगळ्याच रूपात येते. आयकराच्या कलम ८०डीडीखाली अवलंबित दिव्यांग व्यक्तीसाठी ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्वाला सव्वा लाखाची वजावट होती, तीही जुन्याच करपद्धतीत. जो कर भरतो त्यालाच ती मिळणार, ज्याचा पगार मोठा त्याचा फायदा मोठा. ऊसतोड मजुराच्या मुलाला तिचा काय उपयोग? राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना एक लाखापर्यंत थेरपीसह खर्च उचलते आणि ती उपयोगी आहे, पण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या गटांपुरती. शिवाय आधी खर्च करायचा आणि मग बिले पाठवायची, हे ज्याच्याजवळ आधीचे पैसे आहेत त्यालाच जमते.

इथवर वाचून शाळांवर राग येणे स्वाभाविक आहे, पण तो राग सोपा आहे आणि बराचसा चुकीच्या जागी आहे. शाळेचा हिशेब बघा. खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागांवर दिव्यांग मूल आले तर सरकार शाळेला जी प्रतिपूर्ती देते ती इतर मुलांइतकीच असते. सरकार स्वतः एका मुलावर जितका खर्च करते तितका किंवा शाळेची फी, यांतली कमी रक्कम, असा कायद्याचा नियम. महाराष्ट्रात हा दर १७,६७० रुपये राहिला आहे आणि तो वेळेवर मिळत नाही ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. मग ज्या मुलासाठी एक जादा माणूस लागणार ते मूल संस्थेच्या वहीत तोटा म्हणून लिहिले जाते. हे निर्दयपणाचे लक्षण आहे असे मला वाटत नाही. जमाखर्च तसाच मांडला गेला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची गोष्ट थोडी निराळी. तिथे मूल आले म्हणून कुणाचा तोटा होत नाही, पण संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकपदे मंजूर होताना, पटावरचे एक मूल ते एकच मूल, त्याला दिवसभर दुसरे माणूस लागत असले तरी.

त्यात आणखी एक घोळ आहे, आणि तो कुठल्याही घोषणेत दिसत नाही. सामान्य शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा स्वतंत्र विभाग राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये केला. त्याआधी त्या शाळा सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. विशेष शाळेचे अनुदान आणि पदे तिच्या मान्य विद्यार्थीसंख्येशी जोडलेली असतात. समजा कर्णबधिर शाळेतली एक मुलगी चांगली तयार झाली, ओठ वाचू लागली, पाचवीत गावातल्या शाळेत जायला हरकत नाही. ती गेली की विशेष शाळेचा एक विद्यार्थी कमी, आणि अशी पाच-सात मुले गेली तर एका शिक्षिकेचे पद धोक्यात. गावातल्या शाळेला तिच्यासाठी काही जादा आले का? नाही. एका विभागातला पैसा दुसऱ्या विभागात जाण्याची वाटच नाही. त्या मुलीच्या प्रगतीने एका संस्थेचे नुकसान होते आणि दुसरीची पंचाईत होते, आणि तरीही आपण दोघींनी आनंदाने सहकार्य करावे अशी अपेक्षा ठेवतो.

नुसता हक्क मोठा केला आणि पैसा बाजूला ठेवला की काय होते, हे पाहायला अमेरिकेची पन्नास वर्षे समोर आहेत. तिथे १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी आराखडा, म्हणजे आयईपी, शाळेवर बंधनकारक झाला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हा शब्द चांगला परिचयाचा आहे. केंद्राने तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्यामागे होणाऱ्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचे मान्य केले. तो आकडा कधीच गाठला गेला नाही. अलीकडे तो १५ टक्क्यांच्याही खाली आहे. कायद्यावर सही करताना राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी स्वतःच इशारा दिला होता की केंद्र जितके देऊ शकेल त्याहून जास्त कबूल करत आहे. हक्क मात्र पक्का होता. १९९९ मध्ये सीडर रॅपिड्सच्या एका मुलासाठी, जो श्वसनयंत्रावर होता, शाळेच्या वेळात सतत परिचारिका द्यावी लागेल असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि खर्च जास्त आहे ही सबब ऐकली नाही. बिल कुणी भरायचे? राज्याने आणि गावच्या शिक्षणमंडळाने. मग मंडळे दर बैठकीला वकिलासारखी बोलू लागली आणि पालकही वकील घेऊन येऊ लागले. २००५ मध्ये न्यायालय म्हणाले की जो तक्रार करतो त्यानेच आराखडा अपुरा आहे हे सिद्ध करावे. २००६ मध्ये म्हणाले की पालक जिंकले तरी तज्ज्ञाची फी त्यांना परत मिळणार नाही. ज्याच्याजवळ मानसतज्ज्ञाला द्यायला पैसे आहेत त्याच्या मुलाला चांगला आराखडा, असे त्याचे पर्यवसान झाले. हक्काचा कायदा इतका खणखणीत असूनही श्रीमंत आणि गरीब पालकांतले अंतर त्याने मिटवले नाही, कारण लढण्याचा खर्च पालकांवर राहिला.

त्याच देशातले टेक्सास राज्य याहून बोलके आहे. २००४ पासून तिथल्या शिक्षणखात्याने जिल्ह्यांची तपासणी करताना एक मापदंड लावला: विशेष शिक्षण घेणारी मुले ८.५ टक्क्यांहून जास्त नसावीत. देशाची सरासरी सुमारे १३ टक्के होती. दहा-बारा वर्षांत टेक्सासचा आकडा १२ टक्क्यांच्या आसपासहून बरोबर ८.५ वर उतरला. मुले बरी झाली नव्हती, मोजायची थांबली होती. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या एका वर्तमानपत्राने हे उघडकीला आणले, २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षणखात्याने राज्याने कायदा मोडल्याचा ठपका ठेवला. यावर उलट आक्षेप असा घेतला जातो की डोई पैसे दिले तर शाळा भराभर शिक्के मारतील, जरा वांड मुलालाही ‘विशेष’ ठरवतील. आक्षेप खरा आहे. अमेरिकेने १९९७ मध्ये याच भीतीने केंद्रीय निधीचे सूत्र बदलले आणि मुलांच्या याद्यांऐवजी एकूण बालसंख्या व गरिबी यांवर वाढीव पैसा वाटायला सुरुवात केली. तेव्हा शिक्के वाढावेत असेही नको आणि घटावेत असेही नको, तर पैसा शिक्क्यापासून थोडा सोडवला पाहिजे. माझा मुद्दा तो हाच. मुलाच्या प्रमाणपत्राला चिकटवलेला पैसा हॉस्पिटलच्या रांगेत अडकतो किंवा लबाडीला वाव देतो. तोच पैसा शाळेतल्या सेवेला बांधला, म्हणजे अमुक इतक्या शाळांमागे वाक्‌उपचारतज्ज्ञाचे ठरलेले दिवस, अमुक पटामागे एक प्रशिक्षित मदतनीस, प्रत्येक गटसाधन केंद्रात चालू असलेला संसाधन कक्ष, तर तो प्रमाणपत्र असलेल्या मुलाला मिळेल, ३५ टक्केवाल्याला मिळेल आणि दुसरीत अक्षरे उलटी काढणाऱ्यालाही मिळेल. फार मोठी गरज असलेल्या थोड्या मुलांसाठी त्यावर वेगळी रक्कम लागेल, आणि तिच्यासाठी वैद्यकीय तपासणी जरूर असावी.

‘साध्या मुलांनाच धड शिक्षक नाहीत, तिथे हे कुठून आणायचे?’ हा प्रश्न अनेक सज्जन माणसे विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. एकशिक्षकी शाळेत छप्पर गळत असेल तर संसाधन कक्ष ही चैन वाटणारच. पण हा प्रश्न असा मांडला जातो जणू विशेष मुलावरचा खर्च आज होतच नाही. तो होतो आहे. आईच्या सुटलेल्या नोकरीत, शॅडो टीचरच्या पगारात, सहावीत शाळा सोडून पुढे आयुष्यभर घरात बसलेल्या माणसाच्या पालनपोषणात. सरकारच्या वहीत हा खर्च दिसत नाही म्हणून तो नाही असे समजायचे का? दुसरा आक्षेप असा की अशा मुलांना विशेष शाळेतच ठेवावे, तिथे तज्ज्ञ आहेत, थोडका पैसा एका जागी वापरता येतो. काही मुलांसाठी हे शंभर टक्के खरे आहे. गंभीर बहुविकलांग मुलाला किंवा खुणांच्या भाषेची सोबत हवी असलेल्या कर्णबधिर मुलाला चांगली विशेष शाळा गावच्या वर्गापेक्षा पुष्कळ बरी, आणि समावेशनाच्या उत्साहात या शाळांना दुय्यम लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्या शाळा मुख्यतः शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. खेड्यातल्या सात वर्षांच्या मुलाला विशेष शाळा म्हणजे वसतिगृह. त्यापेक्षा त्या शाळेतली तज्ज्ञता बाहेर काढावी: तिचा शिक्षक आठवड्यातून दोन दिवस आसपासच्या सामान्य शाळांत जाईल, आणि त्याचे पद तिच्या पटावर अवलंबून न ठेवता या कामावर मोजले जाईल. मग ती मुलगी गावच्या शाळेत गेली तर कुणाची नोकरी जाणार नाही.

वर्गातल्या इतर मुलांचे नुकसान होते, हा तिसरा आक्षेप पालकसभेत कुजबुजत घेतला जातो. एकट्या शिक्षिकेच्या भरवशावर सोडलेल्या वर्गात तो कधीकधी खराही असतो. त्याचे औषध त्या मुलाला बाहेर काढणे हे नाही, वर्गात दुसरे माणूस आणणे हे आहे. आणि हे दुसरे माणूस प्रत्येक वेळी पदवीधर विशेष शिक्षक असण्याची गरज नाही. गावातली बारावी झालेली, काही महिने नीट शिकवून तयार केलेली मदतनीस बाई केंद्राच्या विशेष शिक्षकाने आखून दिलेला सराव रोज करून घेऊ शकते. अंगणवाडी असो वा आशा, महाराष्ट्राचे खेडे अशा बायकांच्या बळावरच चालते. मात्र मानधनाच्या नावाखाली त्यांना राबवण्याची जी सवय सरकारला लागली आहे ती इथे नको.

पैसा सेवेला बांधायचा तर आधी गरज मोजली पाहिजे, आणि ती मोजायचा आदेशही कायद्यातच आहे. कलम १७ प्रमाणे शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी व्हायची: दिव्यांग मुले किती, त्यांच्या गरजा कोणत्या, त्या किती भागतात. पहिली पाहणी कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत. यातला ‘किती भागतात’ हा भाग सगळ्यांत मोलाचा, कारण शाळा नुसती यादी भरून मोकळी होऊ शकत नाही. पालकांना या मोजणीत एरवी लाभार्थी म्हणून जागा असते, अर्ज घेऊन आलेला माणूस म्हणून. प्रत्यक्षात कायद्याने त्यांना याहून बरी जागा दिलेली आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या जागी महिला हव्यात, आणि वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान हवे. २०१२ पासून दिव्यांग मूल या वंचित घटकात आहे, म्हणजे त्याच्या आईची ती खुर्ची आहे. कलम २२ प्रमाणे सरकारी शाळेत याच समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि सरकारच्या योजना व अनुदान त्या आराखड्यावर आधारायचे. ‘तिसरीतल्या दोन मुलांसाठी आठवड्यातून तीन दिवस वाक्‌उपचार, वर्षभर एक मदतनीस, शौचालयाला उतरण’ ही ओळ आराखड्यात असेल तर ती केंद्रप्रमुखाला वर पाठवावी लागते आणि नाकारायची तर कुणाला तरी सही करून नाकारावी लागते. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा राज्याचा नियम आहे, तो निधी कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारता येते. समिती सदस्यांची नावे बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या फलकावर रंगवलेली असतात. आपल्या गावच्या शाळेत विशेष गरजा असणारे मूल असेल, तर त्या नावांत त्याच्या घरचे कुणी आहे का, ते पुढच्या वेळी शाळेत गेल्यावर वाचून घ्या.